विश्लेषण : मृतदेहावर माशीची अंडी नव्हती… म्हणून 16 वर्षांनी सुटका! काय असते फॉरेन्सिक कीटकशास्त्र?

डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेतील लास वेगास येथे एका ज्युरीने एका महिलेला 3 कोटी 40 लाख डॉलर भरपाई मंजूर केली. न केलेल्या खुनासाठी तिने जवळपास 16 वर्षे तुरुंगात काढली होती. तिची सुटका झाली ती मृतदेहावर जे सापडले नाही त्यामुळे. तिथे माशीची अंडी नव्हती. याचा अर्थ न्यायालयाला समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञांमध्ये होत्या कॅनडाच्या सायमन फ्रेझर विद्यापीठातील प्राध्यापक गेल अँडरसन.

प्रकरण काय होते?

8 जुलै 2001 रोजी रात्री दहाच्या सुमारास लास वेगासमध्ये कचऱ्याच्या ढिगात एका पुरुषाचा मृतदेह सापडला. खून पहाटे झाला, असा सरकारी पक्षाचा दावा होता. आरोपी तरुणी 18 वर्षांची. त्या दिवशी दुपारपासून ती अडीचशे किलोमीटरहून लांब पनाका या गावी होती, हे सरकारी पक्षालाही मान्य होते. पण पहाटे खून करून गावी पोहोचायला पुरेसा वेळ होता, असे सांगण्यात आले.

2017 च्या सुनावणीत कीटकतज्ज्ञांचा मुद्दा साधा होता. चकाकत्या हिरव्या-निळ्या माशा, म्हणजे ब्लोफ्लाय, उन्हाळ्यात दिवसा काही मिनिटांत मृतदेहावर येतात आणि जखमांवर अंडी घालतात. अंधारात सहसा नाही. मृतदेह दिवसभर तिथे असता तर अंडी दिसलीच असती. म्हणजे मृत्यू सूर्यास्ताच्या सुमारास किंवा नंतर झाला, आणि तेव्हा आरोपी पनाकात होती. डिसेंबर 2017 मध्ये शिक्षा रद्द झाली. आधीच्या दोन्ही खटल्यांत बचाव पक्षाने कीटकतज्ज्ञ बोलावलाच नव्हता!

अळीवरून वेळ कशी कळते?

अंडे, अळीच्या तीन अवस्था, कोष आणि माशी असा हा प्रवास. त्याचा वेग माशीची जात आणि तापमान यांवर ठरतो. म्हणून तज्ज्ञ काही अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवतात, तर काही जिवंत वाढवतात, कारण पूर्ण वाढलेल्या माशीवरून जात ओळखणे सोपे जाते. मग हवामान केंद्राच्या नोंदींवरून उलटा हिशेब मांडला जातो. त्यातून कळते ती अंडी घातल्याची वेळ. मृत्यूची वेळ त्यावरून अनुमानाने काढावी लागते, आणि वाद तिथेच होतात.

मूळच्या इंग्लंडच्या अँडरसन यांचे शिक्षण कीड व्यवस्थापनाचे. त्यांनी कॅनडात मृत डुकरे ऋतूनुसार उन्हात, सावलीत, अगदी समुद्राच्या तळाशी ठेवून कोणता जीव कधी येतो याच्या नोंदी केल्या. मॅनिटोबात पित्ताशयासाठी मारलेल्या अस्वलाच्या दोन पिल्लांचा मृत्यूकाळही त्यांनी माशीच्या अंड्यांवरून ठरवला. शिकाऱ्यांना शिक्षा झाली.

भारतात काय?

कॅनडातील नोंदी नागपूरच्या मे महिन्याला किंवा कोकणातल्या पावसाळ्याला जशाच्या तशा लावता येत नाहीत. स्थानिक माशांच्या वाढीच्या स्थानिक नोंदीच हव्यात, आणि ते संयमाचे, बऱ्यापैकी दुर्गंधीचे काम आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 (3) नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे बंधनकारक आहे. ही तरतूद अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. पथकाच्या पेटीत अळ्यांसाठी डबी आणि थर्मामीटर असावा की नाही, याचा उल्लेख कलमात नाही.