कर्जाचे हप्ते आणि गडचिरोलीची वाट

महाराष्ट्रात सरकारी नोकराला धमकी द्यायची झाली तर दोन शब्द पुरतात: 'गडचिरोलीला पाठवीन.' हे शब्द उच्चारले की सभेत हशा पिकतो. ज्या जिल्ह्याचे नाव असे शिक्षा म्हणून घेतले जाते, तिथल्या मुलांना या विनोदाबद्दल काय वाटत असेल, हा प्रश्न मात्र फारसा कुणाला पडत नाही. आम्हांला तो पडतो. शिक्षा म्हणून आलेला शिक्षक बदलीचा अर्ज खिशात घेऊनच वर्गात शिरतो, आणि ती शिक्षा अखेर भामरागडच्या, एटापल्लीच्या, कोरचीच्या, नाहीतर शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या पोरांना भोगावी लागते.

गणित-विज्ञान शिकवणारा माणूस या तालुक्यांत का टिकत नाही, असे विचारले की उत्तरे ठरलेली असतात: रस्ते नाहीत, नक्षलवाद आहे, मोबाइलला रेंज नाही. यांत तथ्य नाही असे नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून येतेच. पण आणखी एका कारणाकडे कुणाचे लक्ष जात नाही. हा शिक्षक नोकरीला लागण्याआधीच कर्जबाजारी झालेला असतो.

हिशेबच मांडू, वाचकांनी थोडा धीर धरावा. बी.एस्सी., त्यावर बी.एड., मग टीईटी आणि त्यानंतर अभियोग्यता चाचणी. ही चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली आणि पुढची थेट २०२३ साली. मधल्या पाच वर्षांत परीक्षा थांबली होती, व्याज थांबले नव्हते. शैक्षणिक कर्जावरील व्याजाला अनुदान देणारी केंद्राची योजना २००९ साली आली. तिच्यात साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे, शिक्षण चालू असतानाचे आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळातले व्याज सरकार भरते. पण सवलतीचा काळ म्हणजे फार तर वर्षभर. भरतीच पाच वर्षे होत नसेल तर त्या सवलतीचा उपयोग काय?

आणि नोकरी लागली म्हणजे काय होते? २००० साली आलेल्या शिक्षण सेवक योजनेने पहिली तीन वर्षे वेतनाऐवजी मानधनाची केली. आरंभी ते प्राथमिकला ३,०००, माध्यमिकला ४,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला ५,००० रुपये होते. पुढे ते ६, ८ आणि ९ हजार झाले आणि सुमारे दहा वर्षे तिथेच रुतून बसले. उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर १ जानेवारी २०२३ पासून १६, १८ आणि २० हजार झाले. दीड लाखाचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता जवळजवळ ३,२०० रुपये पडतो. आठ हजारांतून तो भरून, खोलीभाडे देऊन, गावी चार पैसे पाठवून उरलेल्या रकमेत विज्ञानाचा शिक्षक एटापल्लीत तीन वर्षे कसा राहत असेल, हे कोडे त्यानेच वर्गात उदाहरण म्हणून घालावे. अठरा हजारांनी हे कोडे सोपे झाले, सुटले नाही.

यावर सांगितले जाते की आदिवासी व नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता आहेच. आहे. पण मानधनावरच्या माणसाला मुळात वेतनश्रेणीच नाही. मग तिचा वरचा स्तर कोठून आणायचा? ज्या वर्षांत माणूस टिकेल की पळेल हे ठरते, नेमकी तीच वर्षे हाताने कोरडी ठेवली आहेत.

दुसरा आक्षेप अधिक चलाख असतो. हेमलकशाकडे बोट दाखवून म्हणतात, 'तिथे माणसे पैशासाठी गेली होती का?' नव्हती, त्यांच्याविषयी आम्हांला नितांत आदर आहे. पण त्याग स्वतःहून करायचा असतो. तो शासन निर्णय काढून दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. दंडाचा मार्गही आपण वैद्यकीय पदवीधरांवर वापरून पाहिला आहे: वर्षभराची सेवा करा, नाहीतर १० लाख भरा. ज्याच्या बापाकडे दहा लाख आहेत त्याला ती सेवा कधीच करावी लागली नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. गडचिरोलीच्या आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातील शाळांत गणित, विज्ञान वा इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाच्या कर्जाचा पाचवा हिस्सा शासनाने दर पूर्ण वर्षाच्या शेवटी फेडावा. ही कर्जमाफी नव्हे. केलेल्या कामाचा हा मोबदला आहे. 'दर वर्षाच्या शेवटी' हे शब्द आम्ही जाणूनबुजून घातले. अमेरिकेत गरीब वस्तीतल्या शाळेत सलग पाच वर्षे शिकवणाऱ्या माध्यमिक गणित-विज्ञान शिक्षकाचे १७,५०० डॉलरपर्यंतचे कर्ज माफ होते, पण पाच वर्षे पुरी झाल्यावरच. चौथ्या वर्षी सोडले तर शून्य. तिथल्याच दुसऱ्या एका योजनेत शिक्षकांना दिलेले अनुदान, सेवेचा कागद वेळेवर पोचला नाही एवढ्यावरून, व्याजासकट कर्जात बदलले गेले. कागद वेळेवर न पोचण्यात आपले तालुके अमेरिकेला हार जाणार नाहीत.

मात्र इथेच एक खाचखळगा आहे. बँकेचे कर्ज कुणाला मिळते? नियमाने चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, तरी जमिनीची चौकशी होतेच. आदिवासी कुटुंबाच्या हाती वनहक्काचा पट्टा असतो. तो वारसाने मिळतो, विकता येत नाही, म्हणून तारणाच्या बाजारात त्याला मोल नाही. शिष्यवृत्ती शुल्कापुरती, तीही उशिरा. म्हणून बैल विकले जातात, सोयऱ्यांकडून उसने घेतले जाते, आणि त्या उसनवारीला हप्त्याची पावती नसते. केवळ बँकेचे खाते पाहणारी योजना नागपूरच्या मुलाला उपयोगी पडेल, धानोऱ्याच्या मुलीला नाही. रक्कम सर्वांना सारखीच ठरवावी. बँकेचे देणे असेल तर बँकेकडे जावी, नसेल तर शिक्षकाच्या हाती पडावी.

आणि 'तुटवड्याचा विषय' म्हणजे तरी काय? पहिलीतल्या माडिया मुलाला बाईंचे मराठी कळत नाही, तिथे सर्वांत मोठा तुटवडा त्याची भाषा जाणणाऱ्या शिक्षकाचा असतो. शिक्षण हक्क कायदा म्हणतो की शक्य असेल तेथवर मातृभाषेतून शिकवावे. तेव्हा गोंडी, माडिया वा कोलामी येणाऱ्या शिक्षकाला या योजनेत पहिला मान हवा, मग तो गणित शिकवो की बाराखडी. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःच्या बळावर गोंडी शाळा सुरू केली. शिक्षण खात्याने ती २०२२ साली अनधिकृत ठरवली. आम्ही म्हणतो तशी योजना उद्या आलीच, तर तिच्या अर्जात त्या शाळेत शिकवणाऱ्यांसाठीही एक रकाना असावा, एवढी आमची अट आहे.