वेताची खुर्ची आणि उभे रान

वेत हा शब्द कानी पडताच आमच्या पिढीच्या तळहातांस अद्याप एक जुनी आठवण होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वर्गातील छडीस कायमची रजा दिली, हे फार उत्तम झाले. परंतु शाळेतून हद्दपार झालेला हा वेत आता मोठ्या थाटाने आमच्या घरांत शिरला आहे. आमची वाघोली २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आली. शेतांच्या जागी उंच इमारती झाल्या, आणि त्यांच्या सज्जांतून वेताचे झोपाळे डुलू लागले. परवा नगर रस्त्यावरील एका दुकानदारास आम्ही विचारले, “हा वेत कोठला?” तो म्हणाला, “आसामचा असेल, नाहीतर परदेशचा. आजवर कोणी विचारलेच नाही.” त्याचे हे उत्तर आमच्या मनात घोळत राहिले, म्हणून हा लेख.

वेत म्हणजे बांबूचाच एक बारीक प्रकार, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. बांबू हे गवत. वेत हा नारळ-सुपारीचा भाऊबंद. मात्र माडाप्रमाणे स्वतःच्या बळावर ताठ उभे राहणे त्यास सहसा साधत नाही. काटेरी, आकडेदार शेंड्यांनी शेजारच्या वृक्षास धरून तो उजेडाकडे चढतो. काही वेतांची लांबी शंभर मीटरांहूनही अधिक भरते. यावरून एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. सागाच्या खुर्चीसाठी झाड पाडावे लागते. वेताच्या खुर्चीसाठी झाड उभे राखावे लागते. वृक्ष नाही, तेथे रानचा वेतही नाही.

मग वेताच्या व्यापाराने रानाची हानी होते ती कशी? ती घाईने होते. कित्येक जातींस एकाच बुंध्यातून अनेक कांडे फुटतात. त्यांतील जून तेवढी काढली, तर बेट पुन्हा वाढते. परंतु खुर्चीच्या चौकटीसाठी नावाजलेला मलाया-सुमात्रेकडील जाड वेत एकाच कांडाचा असतो. तो एकदा तोडला की संपला. आणि फळ धरण्यापूर्वीच तोडला, तर मागे बीदेखील उरत नाही. तोडणारा खालून वेत ओढतो, तेव्हा वरचा भाग फांद्यांत अडकून वाया जातो, ते निराळेच. तोडणाऱ्यास दोष देणे सोपे आहे. परंतु रानावर त्याचा हक्क नसेल, तर आपण आज राखलेला वेत उद्या दुसरा नेईल, हे तो जाणतो. अशा स्थितीत त्याने धीर कोणाच्या भरवशावर धरावा?

“मग वेत घेऊच नये,” असे आमचे काही विद्यार्थी तत्परतेने म्हणतील. त्यांच्या कळकळीविषयी आदर बाळगूनही आम्ही त्यांशी सहमत नाही. जगातील कच्च्या वेताचा फार मोठा भाग इंडोनेशियात निघतो. तेथे बोर्निओ बेटावरील दयाक शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या वेताच्या बागा राखीत आले. भाताचे पीक काढून झाले की त्या जागी वेत लावावा, आणि त्यास चढावयास रान वाढू द्यावे, अशी त्यांची रीत. १९८० नंतरच्या दशकात सरकारने कच्चा वेत परदेशी धाडण्यास बंदी केली. देशातील कारागिरीस उत्तेजन मिळावे, हा तिचा एक हेतू होता. परंतु शेतकऱ्याच्या वेताचा भाव पडला. कित्येक बागा ओस पडल्या, आणि पुढे काहींच्या जागी तेलताडाचे मळे आले. पुढे उठविलेली ही बंदी २०१२ पासून पुन्हा लागू झाली. तात्पर्य, ज्या रानापासून राखणाऱ्याच्या घरात काही येत नाही, ते रान फार दिवस राखले जात नाही.

याचे दुसरे अंग आपल्या महाराष्ट्रातच पाहावयास मिळते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावास २००६ च्या वनहक्क कायद्याने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून आपला बांबू स्वतः विकण्याची मोकळीक मिळाली. तोडीचा निर्णय गावाच्या सभेच्या हाती आला. त्याच कायद्याने गौण वनोपजांत बांबूबरोबर वेताचेही नाव घातले आहे, हे विशेष. राखणारा आणि विकणारा एकच असला, म्हणजे कोवळे कांड तोडणे हे त्यास स्वतःचेच नुकसान वाटते.

वाघोलीत बसून आपण काय करावे? पालकांस आमची विनंती अशी, की खरेदी करताना हा वेत कोठला, कोणी काढला, हे अवश्य विचारावे. एका गिऱ्हाइकाने विचारल्यास दुकानदार हसेल. दहांनी विचारल्यास तो व्यापाऱ्यास विचारील. दुसरे, जुन्या खुर्चीची वीण उसवली म्हणून ती टाकून देऊ नये. कारागिराकडून पुन्हा विणून घ्यावी. एकीची दुरुस्ती म्हणजे नव्या खुर्चीपुरता वेत रानात राहिला, आणि कारागिराच्या हातासही काम मिळाले. तिसरे, वेतासारखे दिसणारे प्लॅस्टिक घेऊन रान वाचविल्याचे समाधान मानू नये. ते कोणत्याही वृक्षास उभे ठेवीत नाही, आणि तुटल्यावर कुजतही नाही.

विद्यार्थ्यांनी तर घरातील प्रत्येक वस्तूस हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: तू कोठून आलीस, आणि तुझ्यामागे तेथे काय उरले? पूर्वी छडी हाती घेऊन गुरुजी प्रश्न विचारीत. आता छडी गेली आहे. प्रश्न विचारण्याची पाळी विद्यार्थ्यांची आहे.