बाथरूमचे काम काढताय? टाइल्स सर्वांत शेवटी निवडा!

नागपुरात बाथरूमचे काम काढायचे ठरले, की पहिली फेरी होते ती टाइल्सच्या शोरूमला. गुजरातमधल्या मोरबीहून आलेले शेकडो नमुने समोर मांडले जातात. मार्बल लूक की मॅट, पांढरा की राखाडी, यात दोन रविवार जातात. टाइल्सच्या मागे भिंतीला काय लावायचे, हा प्रश्न मात्र मिस्त्रीवर सोडला जातो. दोन-तीन पावसाळ्यांनंतर तोच प्रश्न खालच्या फ्लॅटच्या छतावर ओल होऊन उभा राहतो.

शॉवरच्या भिंतीचा निर्णय आतून बाहेर घ्यायला हवा. आधी पाइप, मग प्लास्टर, मग वॉटरप्रूफिंग, मग चिकटवण्याचे साहित्य आणि सर्वांत शेवटी टाइल.

सगळ्या टाइल्स सारख्या नसतात

भिंतीसाठी मिळणारी साधी सिरॅमिक टाइल स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषू शकते. तिला वाचवते ती वरची चकाकी. व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते. म्हणून ती 'चांगली' मानली जाते आणि शॉवरसाठी ती चांगली आहेच. पण इथेच एक मेख आहे. पाणी न शोषणाऱ्या टाइलला सिमेंटचा घोळही नीट धरत नाही. तिला टाइल ॲडेसिव्हच हवे. त्यासाठी आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे. पोत्यावर ते आणि ॲडेसिव्हचा प्रकार छापलेला पाहावा. महागडी टाइल घोळावर बसवली, की ठोकल्यावर पोकळ आवाज येतो आणि एक दिवस ती भिंतीवरून सुटते.

टाइल कोणतीही असो, पाणी जाते ते सांध्यांतून. सिमेंटच्या ग्राउटला बारीक छिद्रे असतात. रोजच्या आंघोळीचे पाणी त्यातून हळूहळू प्लास्टर, विटा आणि स्लॅबपर्यंत पोहोचते. पलीकडच्या बेडरूमच्या रंगाला पोपडे आले, की मग धावाधाव सुरू होते.

'आधी कुठे होते वॉटरप्रूफिंग?'

हा प्रश्न घरातली मोठी माणसे हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत न्हाणी बहुधा तळमजल्यावर असे. आंघोळ बादलीने होई. भिंत गुडघा-कमरेपर्यंत भिजे आणि ओल जमिनीत मुरे. आज तिसऱ्या मजल्यावर शॉवर डोक्याच्या उंचीवरून भिंतीवर पाणी मारतो आणि खाली कोणाचे तरी स्वयंपाकघर असते. भिंत तीच राहिली, तिच्यावरचा मारा बदलला.

म्हणून शॉवरच्या भिंतीला किमान ६ ते ७ फुटांपर्यंत आणि उरलेल्या भिंतींना जमिनीपासून फूटभर पॉलिमर-सिमेंट वॉटरप्रूफिंगचे दोन हात हवेत. कोपऱ्यांत आणि नहाणी ट्रॅपभोवती जाळी दाबून घ्यावी. जमिनीवर टाइल बसण्याआधी २४ तास पाणी साचवून ठेवावे आणि खालच्या घरात जाऊन छत पाहून यावे. ही चाचणी जवळपास फुकट आहे. तरी घाईत बहुतेक वेळा तीच गाळली जाते.

नागपूरचे पाणी, नागपूरचे ऊन

शहराच्या मोठ्या भागाला पेंच आणि कन्हानचे पाणी मिळते. पण बेसा-बेलतरोडीसारख्या वाढत्या भागांत अनेक इमारतींची भिस्त बोअरवेलवर राहिली आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. जड पाण्याचा खार काळ्या, चकचकीत टाइलवर आठवड्यात दिसू लागतो. तो काढायला ॲसिड वापरले, की सिमेंट ग्राउट झिजते. खरा संगमरवर तर चुनखडीच्याच जातीचा. ॲसिडने त्याची चमक कायमची जाते. बोअरचे पाणी असेल तर फिकट, मॅट किंवा किंचित नक्षीची टाइल आणि एपॉक्सी ग्राउट हा शहाणपणाचा पर्याय आहे.

दुसरी गोष्ट उन्हाची. बाथरूमची कामे उन्हाळ्याच्या सुट्टीत निघतात आणि मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो. प्लास्टर मुरण्याआधीच वाळते; त्याला किमान आठवडाभर पाणी मारायलाच हवे. एपॉक्सी ग्राउटही उन्हात लवकर कडक होते, म्हणून ते सकाळी भरून घ्यावे.

पीव्हीसी पॅनेलचे काय?

तोडफोड नको, दोन दिवसांत काम, असे सांगून पीव्हीसी पॅनेल विकले जातात. भिंत कोरडी असेल आणि भाड्याच्या घरात तात्पुरती सोय हवी असेल, तर हरकत नाही. पण भिंतीत आधीच ओल असेल, तर पॅनेल ती फक्त झाकते. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवण्याचेही तसेच: काम सुबक दिसते, गळती जिथल्या तिथे राहते.

खर्चाचा हिशेब

५ बाय ७ फुटांच्या बाथरूममध्ये ७ फुटांपर्यंत टाइल लावली, तर दार वगळून सुमारे १५० चौरस फूट भिंत होते. टाइल चौरस फुटामागे २० रुपयांनी स्वस्त निवडली, तर ३ हजार रुपये वाचतात. ते वॉटरप्रूफिंग आणि ॲडेसिव्हकडे वळवावेत. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये या दोन्ही गोष्टी वेगळ्या ओळीत, साहित्याच्या नावासह लिहून घ्याव्यात. 'सगळे धरून' असा एकच आकडा असेल, तर नेमके हेच गाळले जाण्याची भीती असते. भिंत बंद होण्याआधी पाइपलाइनची प्रेशर टेस्ट करावी आणि मोबाइलवर पाइपांचे फोटो काढून ठेवावेत. पुढे ड्रिल मारताना ते कामी येतात.

गळतीची जबाबदारी कोणाची, हेही स्पष्ट आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामायिक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती संस्थेने पाहायची असते. शौचालय, सिंक अशा घरातल्या गळतीचा खर्च त्या सदस्याचा. म्हणजे आज वाचवलेले पैसे उद्या नवी टाइल फोडून परत द्यावे लागतात, आणि खालच्यांशी बोलचाल बंद होते ती वेगळीच.

टाइलचा रंग पाच वर्षांत जुना वाटू लागेल. तिच्यामागचा थर नीट असेल, तर तो कोणाला आठवणारही नाही. शोरूमला जरूर जावे, पण कोटेशनमधल्या त्या दोन ओळी पक्क्या झाल्यावर.