फीत कुणाच्या गळ्यात?

अमेरिकेतल्या विद्यापीठांत ऑनर सोसायटी नावाचं प्रकरण असतं. हुशार पोरांचं मंडळ. ग्रीक अक्षरांचं नाव, गळ्यात फीत, हातात सर्टिफिकेट. पहिलं निघालं १७७६ साली, फाय बीटा कप्पा. त्याच वळणाचं फाय बीटा डेल्टा १९८६ साली कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या लाँग बीच कॅम्पसवर निघालं. परदेशातून शिकायला आलेले, परदेशी जाऊन शिकून आलेले आणि त्यांना शिकवणारे, यांचा हे मंडळ सत्कार करतं. ज्ञान साऱ्या जगाचं, असं त्यांचं म्हणणं.

म्हणणं झकास. मी त्यात खोट काढत नाही. पण फीत पडते ती पोचलेल्याच्या गळ्यात. मागं कोण राहिलं, हे सर्टिफिकेटवर छापत नाहीत.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड. ९ मे १९१६ ला तिथल्या सेमिनारमध्ये त्यांनी निबंध वाचला, विषय भारतातल्या जाती. आता गंमत ऐका. २०२२ साली केंद्र सरकारनं दलित पोरांना परदेशी पाठवणाऱ्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीचे नियम बदलले. भारताची संस्कृती, इतिहास, समाज यांवर संशोधन करणार असाल तर पैसे मिळणार नाहीत! बाबासाहेबांचा निबंध या नियमात बसवून बघा. बसतो का? आणि जागा किती, तर साऱ्या देशाला १२५.

बरं, पोचला एखादा. तिकडं जात सुटते म्हणता? च्यायला, जातीला व्हिसा लागत नाही. जिथं हे मंडळ जन्मलं त्याच युनिव्हर्सिटीला जानेवारी २०२२ मध्ये भेदभावबंदीच्या नियमात 'जात' हा शब्द घालावा लागला, तेवीसच्या तेवीस कॅम्पससाठी. दलित पोरं त्यासाठी झगडली. त्याच ऑक्टोबरात तिथलेच दोन भारतीय वंशाचे प्राध्यापक त्या शब्दाविरुद्ध कोर्टात गेले.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: मंडळाचं बोलावणं आलं तर जा. फीत घाला, फोटो काढा, घरी पाठवा. आईनं तो शेजारणीला दाखवलाच पाहिजे. पण सभेत उठून विचारा, की बाबांनो, भारताचे जे सभासद, त्यात आमच्या वस्तीतले किती, हे कधी मोजणार?