आरोग्याचा विमा : रुग्ण, डॉक्टर आणि आपली पेढी

सुरतेच्या व्यापाऱ्यास विमा म्हणजे काय हे कोणी नव्याने शिकवावयास नको. या बंदरातून गलबते लोटली जात त्या काळी येथील पेढ्यांवर जोखमी हुंडीचा व्यवहार चाले. माल जहाजावर चढविल्यावर पाठविणारा व्यापारी माल घेणाऱ्यावर हुंडी लिही, सराफ ती वटाव कापून विकत घेई, आणि माल सुखरूप पोहोचला तरच हुंडीचे पैसे देय होत. जहाज बुडाले की हुंडीही बुडाली. सराफाने वटाव अधिक कापला तो याच जोखमीचे मोल म्हणून. या व्यवहारात एक गोष्ट मात्र गृहीत असे : माल किती, कोणत्या प्रतीचा आणि कोणत्या तांडेलाच्या हाती दिला आहे, याची सराफास पुरती माहिती असे.

आज विमा मालाच्या गाठीवरून मनुष्याच्या देहावर आला आहे, आणि या व्यवहारात तशी माहिती कोणालाच नाही. रोग्यास आपला रोग कळत नाही, विमा कंपनीस रोगी दिसत नाही, आणि ज्यास दोन्ही दिसतात त्या डॉक्टरास पैसे तिसऱ्याच ठिकाणाहून यावयाचे असतात. आरोग्यविम्याच्या सुधारणेविषयी जे बरेवाईट अनुभव येत आहेत त्यांचे मूळ बहुतांशी येथे आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम बऱ्याविषयी बोलू. गुजरात राज्याने 2012 साली 'मुख्यमंत्री अमृतम्' ही योजना सुरू केली. केंद्र सरकारची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झाली व तीत प्रत्येक पात्र कुटुंबास वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांची हमी मिळाली. पुढे गुजरातेत दोन्ही योजना एकत्र झाल्या आणि जुलै 2023 पासून येथील मर्यादा 10 लाखांवर गेली. ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकास, त्याचे उत्पन्न कितीही असो, केंद्राच्या योजनेत स्थान मिळाले. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या मातापित्यांनी हे कार्ड काढले आहे व त्यात संकोच वाटण्याचे काहीएक कारण नाही.

पूर्वी गरिबाच्या घरी हृदयाचे अथवा मूत्रपिंडाचे दुखणे आले म्हणजे प्रथम बायकोच्या अंगावरचे किडूकमिडूक जाई, मग गावाकडचा जमिनीचा तुकडा जाई, आणि पुष्कळदा शेवटी माणूसही जाई. हे आम्ही मार्केटात गाठी वाहणाऱ्या हमालांच्या घरी डोळ्यांनी पाहिले आहे. सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांना स्वतःच्या खिशातून द्यावा लागणारा हिस्सा 2013-14 साली शेकडा 64.2 होता, तो 2021-22 साली शेकडा 39.4 वर आला. जेथे पूर्वी रुपयांतले दहा आणे खिशातून जात तेथे आता सहा आणे जातात म्हणा ना. ही उतार लहान नव्हे.

तथापि उरलेले सहा आणे कोठे जातात तेही पाहिले पाहिजे. केंद्राची ही योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाबाची औषधे, दर तीन महिन्यांच्या तपासण्या, दवाखान्याची फी, हे सर्व रोगी आपल्या पदरचे देतो. म्हणजे ज्या औषधाने हृदयविकार टळावयाचा ते स्वखर्चाने घ्यावयाचे, आणि न परवडल्यामुळे सोडले की पुढची शस्त्रक्रिया विनामूल्य! आमच्या धंद्यात असा हिशेब कोणी मांडला तर त्यास दुसऱ्या दिवशी पेढीवर बसू देणार नाहीत. 1946 साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने आपला अहवाल दिला. सरकारी तिजोरीतून चालणारी, गावोगावी पोहोचणारी आणि प्रतिबंधावर भर देणारी आरोग्यसेवा तीत सुचविलेली होती. ती शिफारस कागदावर बरीचशी राहिली, आणि सत्तर वर्षांनी देश विम्याच्या मार्गास लागला.

या मार्गाची मर्यादा कोणास पाहावयाची असेल तर त्याने सुरतेचाच इतिहास आठवावा. सप्टेंबर 1994 मध्ये येथे प्लेगची साथ आली तेव्हा लाखो लोक शहर सोडून गेले. अनेक खाजगी दवाखान्यांना कुलपे लागली, आणि सिव्हिल हॉस्पिटल मात्र चालू राहिले. त्या दिवशी खिशात दहा लाखांचे कार्ड असते तरी ते दाखवावयाचे कोणास? आणि पुढे 1995 पासून महापालिका आयुक्त श्री. एस. आर. राव यांच्या कारकीर्दीत गटारे, उकिरडे व उपाहारगृहे यांची जी सफाई झाली, तिने या शहराच्या प्रकृतीस जे दिले ते कोणत्याही पॉलिसीच्या कलमात बसणारे नव्हते.

आता डॉक्टरांची बाजू. व्यापारी मंडळीत डॉक्टरांविषयी बोलताना आवाज थोडा चढतो, आमचाही चढतो. परंतु त्यांची खातेवही उघडून पाहिल्यावर न्याय करणे बरे. योजनेत प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर सरकार ठरविते. त्या दरात खाट, भूल, औषध, शल्यविशारद व परिचारिका सर्व काही आले. रोगी साधा असो वा गुंतागुंतीचा, पॅकेज तेच. ऑगस्ट 2023 मध्ये डायलिसिसचा दर कमी केल्याच्या निषेधार्थ गुजरातेतील मूत्रपिंडतज्ज्ञांनी योजनेखालील डायलिसिस तीन दिवस बंद ठेवले. फेब्रुवारी 2024 मध्ये योजनेतील खाजगी रुग्णालयांनी थकलेल्या बिलांच्या कारणाने काही दिवस सेवा स्थगित ठेवण्याचे जाहीर केले. ज्यास मार्केटात उधारी किती दिवस थकली म्हणजे पेढी डगमगते हे ठाऊक आहे, त्यास ही तक्रार समजावून सांगण्याची गरज नाही.

यात सर्वांत अधिक भरडला जातो तो लहान नर्सिंग होम चालविणारा डॉक्टर. पतिपत्नी दोघे वैद्यक शिकलेली, दहापंधरा खाटा, चारदोन परिचारिका, असे घर प्रत्येक पेठेत होते व अजून काही आहेत. मोठे रुग्णालय दावे लिहिण्यासाठी वेगळी खोली आणि वेगळी माणसे ठेवू शकते. या बिचाऱ्यास दिवसभर रोगी तपासून रात्री संगणकावर कागद चढवावे लागतात, त्यातील एखाद्या त्रुटीवर दावा परत येतो, आणि तोवर औषधवाल्याचे बिल द्यावयाचे असते. मग तो योजनेतून अंग काढून घेतो, किंवा आपले रुग्णालय मोठ्या संस्थेस देऊन तेथे पगारी नोकरी धरतो. आपल्या वडिलांची नाडी आणि आजोबांचा दमा ज्यास ठाऊक होता तो घरचा डॉक्टर असा हळूहळू लोपत चालला आहे.

दुसरा अनिष्ट परिणाम याहून गंभीर आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये मेहसाणा जिल्ह्यातील कडी तालुक्यातल्या एका खेड्यात शिबिर भरवून, तेथील लोकांस अहमदाबादच्या एका खाजगी रुग्णालयात नेण्यात आले व काहींच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर अँजिओप्लास्टी करण्यात आली. त्यांतील दोघे दगावले, गुन्हे दाखल झाले आणि रुग्णालयास योजनेतून काढण्यात आले. त्याच्या आदल्या वर्षी भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात असे आढळले होते की सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाईल क्रमांक, तोही सगळ्या नवांचा, नोंदविलेला होता. यावरून सर्व डॉक्टर चोर आहेत असा निष्कर्ष काढणारे लोक आमच्या परिचयात आहेत; आम्ही तो काढीत नाही. मापाने पैसे मिळू लागले की माप वाढते, हा अनुभव कापडाच्या धंद्यातही आहे. केलेल्या शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात, आणि 'तुम्हांस शस्त्रक्रियेची गरज नाही, घरी जा' असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्यास काहीच मिळत नाही. जेथे रोग्यास पैसे मोजावयाचे नाहीत तेथे तो दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्यासही सहसा जात नाही.

येथवर आम्ही इतरांविषयी लिहिले. आता आपल्याविषयी.

आमच्या पेढीवर बावीस वर्षे काम केलेले एक मेहताजी आहेत. त्यांस दरमहा चोवीस हजार रुपये मिळतात. राज्य कर्मचारी विमा, ज्यास आपण ईएसआय म्हणतो, त्याची वेतनमर्यादा 1 जानेवारी 2017 पासून 21,000 ठेवण्यात आली, म्हणून ते त्यातून सुटले. त्यांचा मुलगा एका छापखान्यात सोळा हजार मिळवितो. दोघांचे मिळून वर्षाचे चार लाख ऐंशी हजार होतात, आणि राज्याच्या योजनेची उत्पन्नमर्यादा चार लाखांची. म्हणून तेथूनही सुटले. खाजगी विमा त्यांनी काढला नव्हता, आम्हीही त्यांस कधी विचारले नव्हते. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली. निम्मी रक्कम त्यांनी नातलगांकडून उभी केली, निम्मी आम्ही दिली, आणि आमच्या रोजमेळात ती उचल म्हणून त्यांच्या नावे लिहिली गेली. हे लिहिताना ती उचल अद्याप तशीच उभी आहे. ते कामावर पुन्हा आले आहेत, जिना चढताना मध्ये थांबतात, आणि दरमहा थोडे थोडे फेडतात. बावीस वर्षांत आम्ही मालाच्या आगीचा विमा एकदाही चुकविला नाही.

नीती आयोगाने ऑक्टोबर 2021 च्या एका अहवालात अशा मधल्या लोकांची संख्या देशात चाळीस कोटींच्या घरात सांगितली आहे. गरीब नसल्यामुळे योजनेत नाहीत, संघटित नोकरीत नसल्यामुळे ईएसआयमध्ये नाहीत. आणि यात केवळ गुमास्ते आहेत असे नव्हे. दोन एम्ब्रॉयडरी यंत्रे घालून बसलेला, भाड्याच्या गाळ्यात साडी विकणारा, आडत्याच्या उधारीवर चालणारा आपला लहान सभासदही तेथेच उभा आहे. स्मरणिकेच्या जाहिरातींची पाने चाळली तर त्याचे नाव कोठे सापडत नाही, म्हणून तो आपणांस दिसत नाही एवढेच.

त्यास खाजगी मेडिक्लेम सुचवावा तर वयाबरोबर हप्ता चढतो. 2017 पासून या हप्त्यावर शेकडा 18 जीएसटी द्यावा लागे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक व कौटुंबिक पॉलिसीवरील हा कर माफ झाला, हे चांगले झाले. परंतु सामूहिक पॉलिसीस ती माफी नाही. मंडळाने अथवा पेढीने सर्वांसाठी एकत्र विमा काढावा, तर त्यावर कर. ज्या रीतीने लहान माणसास विमा स्वस्त पडतो तीच रीत करपात्र ठेवण्यात शासनाचा काय हेतू आहे ते आम्हांस समजले नाही. व्यापारी संघटनांनी याविषयी निवेदन द्यावे असे आम्ही सुचवितो.

शासनास सांगण्यापूर्वी एक अप्रिय गोष्ट आपणांस सांगितली पाहिजे. दहा माणसे कामास असली की ईएसआय लागू होते, आणि आपल्या कित्येक पेढ्यांच्या हजेरीपटावर वर्षानुवर्षे नऊच नावे आहेत. दहावा हमाल म्हणून, अकरावा नातलग म्हणून, बारावा रोजंदारीचा म्हणून. जुलै 2019 पासून मालकाची वर्गणी पगाराच्या शेकडा 4.75 वरून 3.25 वर आणण्यात आली. त्यात उपचार तर मिळतातच, शिवाय आजारपणाच्या रजेत 91 दिवसांपर्यंत शेकडा 70 वेतन मिळते. ईएसआयच्या दवाखान्यांविषयी तक्रारी आहेत व त्या खोट्या नाहीत. पण तक्रार करण्याचा अधिकारही नाव नोंदविल्यावरच येतो.

आम्ही मराठी भाषक येथे तापी खोऱ्याच्या रेल्वेने आलो, आणि आमच्या मागून त्याच गाडीने नंदुरबार, धुळे, जळगावकडचा कामगारही आला. उधना व लिंबायत येथे त्याची वस्ती आहे. त्याचे रेशनकार्ड पुष्कळदा गावीच असते. केंद्राच्या मूळ यादीत नाव असेल तर त्यास सुरतेच्या सूचीतील रुग्णालयातही उपचार मिळतात; परंतु महाराष्ट्राने स्वतःच्या खर्चाने महात्मा फुले योजनेत जोडलेल्या कुटुंबास ती सोय गुजरातेत नाही. आपले कार्ड यांपैकी कोणते, हे त्यास रुग्णालयाच्या खिडकीवर कळते, आणि तेव्हा त्याच्या मुलाच्या अंगात एकशेचार ताप असतो. ही चौकशी आधी करून ठेवणे मंडळाच्या कार्यालयास अवघड नाही. आठवड्यातून एक दिवस, एक संगणक व एक समजूतदार कारकून एवढ्याने ते होईल.

इंग्रज धर्मोपदेशक ओव्हिंग्टन 1689 साली सुरतेच्या प्रवासास निघाला होता. येथील वाण्यांनी गाई, घोडे, शेळ्या, कुत्री अशा वृद्ध व दुखणाईत जनावरांसाठी चालविलेले रुग्णालय पाहून त्याने ते आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले. त्या पांजरापोळीचा खर्च व्यापारावरील लाग्यातून निघे, सालाखेरीच्या शिलकीतून नव्हे. दर सौद्यामागे थोडे, पण न चुकता. आपल्या मंडळाचा वैद्यकीय मदतनिधी आज पर्युषणात येणाऱ्या देणग्यांवर चालतो, आणि फाल्गुनापर्यंत संपतो. त्यास जुन्या लाग्याप्रमाणे दर बिलामागे काही पैसे लावावेत, त्यातून प्रथम नियमित औषधांचा खर्च द्यावा व शस्त्रक्रियांसाठी नंतर, असा ठराव आम्ही येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. विरोध होईल याची आम्हांस कल्पना आहे. विरोध करणाऱ्यांनी आपापला हजेरीपट सोबत आणावा, आम्हीही आमचा आणू.