दहा ऑगस्टची पत्रकार परिषद आणि आपले पुढारी



आपल्या वस्त्यांमध्ये युवकांचं शिबिर भरलं आणि विषय ‘नेतृत्व’ असला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १० ऑगस्ट १९७९. श्रीहरिकोटाहून एसएलव्ही-३ या अग्निबाणाचं पहिलं उड्डाण. प्रकल्प संचालक अब्दुल कलाम. यान काही मिनिटांतच बंगालच्या उपसागरात कोसळलं. पत्रकार बाहेर वाट बघत होते. त्यांच्यासमोर कलामांना न पाठवता इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः जाऊन बसले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्या अंगावर घेतली. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला, ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. त्या दिवशी मात्र धवन मागे थांबले आणि पत्रकारांसमोर कलामांना बसवलं.

गोष्ट खरी आहे. कलामांनी स्वतःच ती जन्मभर सांगितली. आपल्याकडे ती सांगितली की टाळ्या पडतात, चहा होतो आणि पोरं घरी जातात. असा मोठ्या मनाचा साहेब आपल्याला कधी भेटेल, एवढाच विचार डोक्यात घेऊन. माझा आक्षेप इथेच आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेचा धोका सांगितला होता. त्याच विभूतिपूजेला आपण विज्ञानाचा कोट घालून पुन्हा घरात घेतो आहोत.

कारण या गोष्टीचा अर्धा भाग कुणी सांगत नाही. यान का पडलं? दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतल्या एका झडपेतून नायट्रिक आम्ल गळून गेलं होतं, म्हणून यानाचा तोल गेला. हे कुणाच्या मोठ्या मनामुळे कळलं नाही. यानाकडून सेकंदा-सेकंदाला येणाऱ्या नोंदी घेऊन माणसं बसली, भाग न् भाग तपासला आणि कारण कागदावर आणलं. अकरा महिन्यांत दुसरं यान उडालं ते त्यामुळे. धवनांना जबाबदारी घेता आली, कारण ती घेतल्यानंतर काय करायचं याची रीत संस्थेत होती. ती रीत नसती तर त्यांचं बोलणं निवेदन होऊन राहिलं असतं. तसली निवेदनं आपण रोज ऐकतो.

प्रभादेवीकरांना हा फरक वेगळा समजवायला नको. २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आठवा. तेव्हा स्टेशनचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं. अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी कचेऱ्यांचे टॉवर आले, रोजची गर्दी कित्येक पटींनी वाढली, पूल मात्र तोच राहिला. पुलाच्या तक्रारी आधीपासून होत्या. आणि रेल्वेच्या चौकशीने कारण काय दिलं? अचानक आलेला पाऊस. पावसाने लोक जिन्यावर अडकले, कुणाचं फूल पडलं, ते ‘पूल पडला’ असं ऐकू आलं आणि पळापळ झाली. म्हणजे दोष पावसाचा आणि फुलाचा. पूल रुंद करण्याचं काम कुणाच्या टेबलावर अडलं होतं, तो प्रश्न तसाच राहिला. नंतर लष्कराने नवा पूल बांधला, २०१८ च्या जुलैत स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. नाव बदललं याचा राग नाही. पण अग्निबाण पडल्यावर झडप शोधणाऱ्या देशात माणसं मेल्यावर पावसाचं नाव घेतलं जातं, हे लक्षात ठेवा.

आता जरा घरात बघू. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दोन-तीन वर्षांच्या आत ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ असे गट पडले. १९७२ ला पँथर उभी राहिली, १९७४ ला फुटली. त्यानंतर किती गट, किती आघाड्या, किती ऐक्यं झाली, ते मोजायला शिबिराचा अख्खा दिवस लागेल. मला फुटीपेक्षा दुसरीच गोष्ट खटकते. इतक्या पराभवांनंतर एकदा तरी कुणी बसून लिहून काढलं का, की कुठली झडप गळत होती? मतं कुठल्या वॉर्डात गेली, बूथवर माणूस का नव्हता, पैसे कशावर खर्च झाले, मातंग आणि चर्मकार वस्तीत आपण कितीदा गेलो? आपल्याकडे पराभवाची दोनच कारणं असतात. एक, अमका विकला गेला. दोन, मशीन. कधीकधी दोन्ही खरी असतात. पण पुराव्याशिवाय, नोंदीशिवाय ती नुसती समजूत राहते.

बाबासाहेबांचं वळण असं नव्हतं. १९३७ च्या निवडणुकीनंतर अस्पृश्यांचे प्रतिनिधी आपणच, असा दावा काँग्रेस करत होती. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्या १५१ राखीव जागांचा हिशेब मांडला. प्रांतवार तक्ते दिले, कुणाच्या मतांवर कोण निवडून आलं ते दाखवलं. अपयश असो की विरोधकांचा दावा, आधी आकडे. श्रीहरिकोटाला जाण्याच्या कितीतरी आधी ही शिस्त आपल्याला दादर-परळमध्ये मिळालेली होती.

इथे थांबलं तर लेख सोपा होईल. पण धवन-कलामांच्या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि ती आपणच सांगितली पाहिजे. अपयशी होण्याचा हक्क या देशात सगळ्यांना सारखा मिळालेला नाही. कोट्यवधींचं यान समुद्रात गेलं तरी त्या चमूला दुसरी संधी मिळाली, आणि मिळायलाच हवी होती. आपली मुलगी मात्र आयआयटीत एका विषयात नापास झाली की ती एकटी नापास होत नाही. ‘कोट्यातली’ म्हणून अख्खा समाज नापास होतो. तिच्या पुढे येऊन ‘ही जबाबदारी माझी’ म्हणणारा विभागप्रमुख मी तरी अजून पाहिलेला नाही.

अवकाश कार्यक्रमात मराठी माणसं मोठ्या जागांवर होती. घन इंधनावर काम करणारे वसंत गोवारीकर १९७९ ते १९८५ विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. १९६३ च्या थुंब्याच्या पहिल्या उड्डाणापासून असलेले प्रमोद काळे पुढे त्याच केंद्राचे संचालक झाले. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत उपग्रहाने टीव्ही नेणाऱ्या प्रयोगात आघाडीवर होते. त्यांच्या कामाबद्दल आदरच आहे. आडनावं वाचून तुमच्या मनात जे आलं ते माझ्याही मनात आलं. पण दोष त्या माणसांचा नाही. प्रश्न दाराचा आहे.

आणि दार कायद्यात लिहिलेलं आहे. संशोधन करणाऱ्या आणि संशोधनाला दिशा देणाऱ्या वरच्या श्रेणीतल्या वैज्ञानिक पदांना केंद्राच्या नियमांनी आरक्षणातून सूट आहे. म्हणजे ‘अ’ गटाच्या पहिल्या पायरीवर या, त्यावर नको. १६ नोव्हेंबर १९९२ चा इंद्रा साहनी निकाल आपण २७ टक्क्यांसाठी लक्षात ठेवतो. त्याच निकालात, जिथे आरक्षण ठेवणं इष्ट नाही अशा पदांची यादी आहे. तिच्यात अणुऊर्जा आणि अवकाश यांच्याशी संबंधित संशोधन संस्थांमधली तांत्रिक पदं नाव घेऊन आली आहेत. तिथे फक्त गुणवत्ता चालावी, असं त्यामागचं म्हणणं. आणि उड्डाणाआधी यानाची छोटी प्रतिकृती तिरुपतीच्या पायाशी नेली जाते, तेव्हा ती कोणती गुणवत्ता असते? संविधानाच्या ५१-क (ह) मधला वैज्ञानिक दृष्टिकोन मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत उभ्या असलेल्या माझ्या शेजारणीला लागू असेल, तर इस्रोच्या अध्यक्षांना तो जरा जास्तच लागू असायला हवा.

म्हणून शिबिरात ही गोष्ट सांगू नका, असं मी म्हणत नाही. पूर्ण सांगा. झडपेसकट आणि दारासकट. वरळीचं नेहरू तारांगण आपल्यापासून बसच्या दोन-चार थांब्यांवर आहे. मुलांना तिथे जरूर न्या. पण परत येताना त्यांच्याकडून आकाशाचं चित्र काढून घेण्याऐवजी माहिती अधिकाराचा एक अर्ज लिहून घ्या. अंतराळ विभागात संचालक दर्जाच्या पदांवर अनुसूचित जाती-जमातीचे किती अधिकारी आहेत? मिळालेलं उत्तर मंडळाच्या फलकावर लावा. उत्तर आलं नाही तर तेही लावा.

आणि जयंतीचा जमाखर्च वाचून दाखवायची प्रथा बहुतेक मंडळांत आहेच. यंदा त्याला दोन पानं जोडा. वर्षभरात काय ठरवलं होतं, काय झालं नाही, का झालं नाही. खाली अध्यक्षांची सही. कार्यकर्त्यांची नको.