चित्रातला टीपॉय आणि दिवाणखान्यातले वास्तव

शहरी मध्यमवर्गीय घरात टीपॉय येण्याचे मार्ग पूर्वी दोनच होते. एक तर सुताराला बोलावून तो डोळ्यांदेखत करून घ्यायचा, नाही तर दुकानात जाऊन, हात लावून, हलवून पाहून आणि घासाघीस करून विकत घ्यायचा. दोन्हींत पारख आधी व पूर्ण पैसे नंतर, असा क्रम होता. ऑनलाइन खरेदीने हा क्रम उलटा केला. आता पैसे आधी जातात आणि पारख दिवाणखान्यात खोके फोडल्यावर होते.

पुस्तक किंवा मोबाइल संच कुठूनही घेतला तरी सारखाच असतो. लाकडी सामानाचे तसे नाही. छायाचित्रात रंग आणि आकार दिसतो. वजन, डगमग आणि पॉलिशचा पोत दिसत नाही. प्रशस्त खोलीत टिपलेला टीपॉय दहा बाय बाराच्या खोलीत वाट अडवतो. भरीव लाकूड, लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला एमडीएफ आणि भुशाचा पार्टिकल बोर्ड हे पडद्यावर सारखेच भासतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात मात्र कडेतून ओल शिरली की बोर्ड फुगतो आणि फरक उघडा पडतो. जाणकार माणूस टीपॉय पाहताना म्हणूनच वरच्या फळीपेक्षा खालची बाजू आधी पाहतो. छायाचित्रात नेमकी तीच बाजू नसते.

ही मर्यादा विक्रेत्यांनीही ओळखली आहे. संकेतस्थळावरून फर्निचर विकणाऱ्या 'पेपरफ्राय'ने २०१४ पासून ग्राहकांना वस्तू पाहता याव्यात म्हणून 'स्टुडिओ' उघडले. 'आयकिया'ने मुंबईत २०१९ मध्ये सुरुवात ऑनलाइन विक्रीने केली. पण डिसेंबर २०२० मध्ये तुर्भे येथे भव्य दालनही उभारले. स्पर्शाला पर्याय नाही, याचीच ही कबुली होय.

प्रश्न उरतो तो अशा दालनापर्यंत न पोहोचणाऱ्या ग्राहकाचा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीतील वर्णनाशी जुळत नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागण्याची मुभा दिली आहे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते.

तथापि, येथे एक मेख आहे. युरोपीय संघात दूरस्थ खरेदीवर सर्वसाधारणपणे १४ दिवसांत कोणतेही कारण न देता माघार घेता येते. भारतात असा सरसकट हक्क नाही. टीपॉय वर्णनाबरहुकूम असेल, पण प्रत्यक्षात मनात भरला नाही, तर सारे विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून राहते. म्हणजेच ग्राहकाचा हक्क वर्णनाच्या शब्दांएवढाच मजबूत ठरतो. 'लाकडी फिनिश' या शब्दांनी लाकडाचे आश्वासन मिळत नाही आणि ते न मिळाल्याची तक्रारही टिकत नाही.

त्यामुळे उपाय वर्णनातच शोधावा लागेल. कोणत्या भागाला कोणते साहित्य, एकूण वजन किती, किती भार पेलतो आणि खालून कसा दिसतो, एवढी माहिती प्रत्येक वस्तूसोबत बंधनकारक झाली, तर वादाचे मूळच उरणार नाही. तोवर ग्राहकाने मापपट्टी घेऊन जागा मोजावी, वर्णनाचे पान जपून ठेवावे आणि जोडणीपूर्वी प्रत्येक भाग तपासावा. पारख नंतर होणार असेल, तर तिची तयारी आधीच झालेली बरी.